फंक्शनला नाव देण्याचे कर्तव्य

नवेगाव बांधचा तलाव कोणी बांधला असे या गावात शाळकरी मुलाला विचारले तरी ते कोलू पाटलाचे नाव सांगेल. अठराव्या शतकाच्या प्रारंभी या कोहळी समाजातल्या पाटलाने डोंगरांमधली वाट अडवून हा विस्तीर्ण जलाशय निर्माण केला अशी परंपरा आहे. भोवतालच्या शिखरांना लोक सात बहिणी म्हणतात आणि खुद्द कोलू पाटलाला त्यांनी कोलासुर म्हणून देवत्व बहाल केले आहे. भंडारा आणि गोंदिया या जिल्ह्यांत कोहळ्यांनी व मालगुजारांनी बांधलेले असे लहानमोठे तलाव हजारोंच्या संख्येने होते. पन्नासच्या दशकाच्या आरंभी मालगुजारी संपुष्टात आली, ते तलाव सरकारजमा झाले आणि माजी मालगुजारी तलाव म्हणून दप्तरी दाखल झाले. तरीही गावाने त्यांना दिलेली नावे, सांडव्याच्या ठरलेल्या जागा आणि पाणीवाटपाची जुनी वहिवाट लोकांच्या स्मरणात राहिली. परंतु याच तलावांच्या पाण्यावर पिकणाऱ्या बांध्यांमध्ये, रोवणीच्या दिवसांत, वरच्या बांधीतले पाणी खालच्या बांधीत उतरवण्यासाठी शेतकरी धुऱ्याला फावड्याने जी वाट पाडतो आणि काम होताच चिखलाने बुजवून टाकतो, त्या वाटेला कोणीही नाव देत नाही. ते देऊ नये हेच योग्य आहे, कारण ती वाट पाडणारा, तिच्यातून वाहणारे पाणी पाहणारा आणि ती बुजवणारा हा एकच इसम असतो, आणि घटकाभराने तिची आठवण ठेवण्याचे कोणालाच प्रयोजन उरत नाही.

कशाला नाव द्यावे आणि कशाला देऊ नये, हा भेद संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणाऱ्या माणसापुढे दिवसातून अनेकदा उभा राहतो. प्रोग्रॅम लिहिणे आणि शिकवणे हा माझा व्यवसाय असल्यामुळे या विषयासंबंधी माझे एक निश्चित मत बनले आहे, आणि ते केवळ व्यवसायबंधूंपुढे न मांडता सर्वसामान्य वाचकांपुढे मांडावे असे मला वाटते. कारण सातबाराच्या उताऱ्यापासून धानाच्या चुकाऱ्यापर्यंत, म्हणजे विकलेल्या धानाच्या मोबदल्यापर्यंत, आपल्या जीवनाचे कितीतरी व्यवहार आज अशा प्रोग्रॅमांच्या हवाली झाले आहेत, आणि ते कसे लिहिले जातात ही बाब आता खाजगी राहिलेली नाही.

फंक्शन म्हणजे ठरावीक सामग्री हाती घेऊन ठरावीक फळ परत देणारी सूचनांची एक स्वयंपूर्ण जुळणी. धानखरेदीच्या काट्यावरचे उदाहरण घेऊ. एका शेतकऱ्याचे इतके कट्टे आले, त्यांचे एकूण वजन इतके भरले, त्यातून बारदान्याचे वजन वजा जाता निव्वळ धान किती, हे काढणारी जी चार-दोन ओळींची जुळणी, ते एक फंक्शन. तिला ‘निव्वळ वजन’ असे नाव देऊन ती एका जागी लिहून ठेवली, तर प्रोग्रॅममध्ये जिथे जिथे हा हिशेब लागेल तिथे तिथे केवळ त्या नावाने तिला पाचारण करता येते. हे नामधारी फंक्शन. उलटपक्षी, शेतकऱ्यांची यादी वजनाच्या क्रमाने लावायची असेल, तर क्रम लावणाऱ्या यंत्रणेला ‘प्रत्येक नोंदीतले वजन पाहा’ एवढेच सांगायचे असते, आणि ते सांगणारी अर्ध्या ओळीची जुळणी तिथल्या तिथे, कोणतेही नाव न देता लिहिता येते. हे निनावी फंक्शन. प्रोग्रॅमर मंडळी त्याला लॅम्डा म्हणतात, आणि हे ग्रीक अक्षर या व्यवहारात कसे आले याचा इतिहास मनोरंजक असून आपल्या प्रश्नाशी त्याचा निकट संबंध आहे.

अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठात अलोन्झो चर्च नावाचे तर्कशास्त्रज्ञ होते. १९३० नंतरच्या दशकात, म्हणजे आजच्या अर्थाने संगणक अस्तित्वातही नव्हता तेव्हा, त्यांनी फंक्शनांविषयी शुद्ध विचार करण्यासाठी एक लेखनपद्धती सिद्ध केली. लॅम्डा हे अक्षर, त्यापुढे सामग्रीचे चिन्ह आणि त्यापुढे त्या सामग्रीचे काय करायचे ते, एवढाच तिचा पसारा. आणि तिच्यात कोणत्याही फंक्शनाला नाव नव्हते. एवढ्या अल्प साधनाने त्यांनी १९३६ साली असे सिद्ध करून दाखवले की काही प्रश्न कोणत्याही यांत्रिक रीतीने सुटणे शक्य नाही. त्याच वर्षी ॲलन ट्युरिंग स्वतंत्रपणे त्याच निष्कर्षाला पोहोचले आणि पुढे प्रिन्स्टनला चर्च यांचेच शिष्य झाले. जे फंक्शन स्वतःलाच पुन्हा बोलावते, त्याला तरी नाव हवेच असे कोणालाही वाटेल. परंतु हॅस्केल करी या गणितज्ञाच्या नावाशी निगडित असलेली एक विलक्षण युक्ती अशी आहे की तिच्या साहाय्याने नावाशिवाय ही पुनरावृत्ती साधते. तात्पर्य, गणिताच्या दृष्टीने नावाची आवश्यकता कुठेही नाही, आणि निनावी फंक्शनाचे कैवारी हा दाखला देतात तेव्हा ते खोटे बोलत नाहीत.

परंतु जॉन मॅकार्थी यांनी १९५८ मध्ये लिस्प नावाची भाषा रचायला घेतली आणि १९६० मध्ये तिच्यावरचा आपला प्रसिद्ध निबंध प्रकाशित केला, तेव्हा चर्च यांची लॅम्डा-पद्धती स्वीकारूनही त्यांना एक भर घालावी लागली. स्वतःला बोलावणाऱ्या फंक्शनाला नाव बहाल करण्यासाठी त्यांनी ‘लेबल’ नावाची स्वतंत्र रचना मुक्रर केली. गणितात नाव टाळण्याची युक्ती उपलब्ध असूनही, जो प्रोग्रॅम माणसांनी लिहायचा आणि माणसांनी वाचायचा त्याची मांडणी करू लागताच नावाची गरज भासली, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते. कागदावरच्या सिद्धतेला वाचणारा गणितज्ञ असतो आणि ती एकदा पटली की त्याचे काम संपते. प्रोग्रॅम मात्र दहा-दहा वर्षे चालतो, बिघडतो, दुरुस्त होतो आणि एका हातातून दुसऱ्या हातात जातो.

त्यानंतरची बरीच वर्षे लॅम्डाचा संचार मुख्यतः विद्यापीठांतच राहिला. १९९४ च्या जानेवारीत प्रसिद्ध झालेल्या पायथन भाषेच्या १.० या आवृत्तीत तो आला. १९९५ साली ब्रेंडन आइक यांनी रचलेल्या जावास्क्रिप्टमध्ये निनावी फंक्शने पुढे सढळ हाताने वापरता येऊ लागली. २००७ मध्ये सी शार्पने, २०११ मध्ये सी प्लस प्लसने आणि २०१४ च्या मार्चमध्ये जावाने लॅम्डाला आपल्या घरात घेतले. २०२० च्या डिसेंबरात तर मायक्रोसॉफ्टने एक्सेलमध्येही लॅम्डा आणण्याची घोषणा केली. अशा रीतीने तर्कशास्त्रज्ञांच्या एकांतातून निघालेली ही वस्तू आज अर्जुनी मोरगावच्या एखाद्या कारकुनाच्या हिशेबाच्या तक्त्यापर्यंत येऊन पोहोचली आहे. एक्सेलमधल्या व्यवस्थेचा एक तपशील लक्षात घेण्याजोगा आहे. तिथे लॅम्डा लिहून झाला की त्याला नावांच्या व्यवस्थापकात नेऊन नाव द्यावे, म्हणजे तो तक्त्यात कुठेही त्या नावाने वापरता येतो. निनावी जन्मलेल्या फंक्शनाचे यथाविधी बारसे करण्याची सोय त्या रचनेतच केलेली आहे.

निनावी फंक्शनाचे गुण मी नाकारीत नाही. ज्याचे काम त्याच्या लिखाणावरून एका दृष्टिक्षेपात कळते, जे लिहिले त्याच ठिकाणी वापरून संपते आणि ज्याची दुसरीकडे कुठेही गरज पडणार नाही, त्याला नाव देणे म्हणजे वाचकाला विनाकारण पान उलटायला लावणे होय. यादी वजनाने लावा, रिकाम्या नोंदी गाळा, प्रत्येक आकडा दुप्पट करा, असल्या किरकोळ आज्ञा वेगळ्या जागी नावानिशी लिहिल्या तर प्रोग्रॅमच्या आरंभी क्षुल्लक नावांची रांग लागते, आणि वाचक मुख्य कथानकाशी येण्यापूर्वीच थकून जातो. मी स्वतः अशा ठिकाणी निःसंकोचपणे लॅम्डा वापरतो आणि विद्यार्थ्यांनाही वापरायला सांगतो. माझा आक्षेप त्याच्या मर्यादेच्या विस्मरणाला आहे. एका ओळीचे निनावी फंक्शन हळूहळू पाच ओळींचे होते, पाचाचे पंचवीस ओळींचे होते, त्याच्या पोटात दुसरे निनावी फंक्शन जन्म घेते, त्याच्या पोटात तिसरे. जावास्क्रिप्टच्या जगात एका काळी हा प्रकार इतका बोकाळला होता की पडद्यावर प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा उजवीकडे सरकत सरकत पानाच्या काठाला जाऊन टेकत असे. लिहिणाऱ्याला त्या क्षणी सारे ठाऊक असते. आपण काय लिहितो आहोत, कशासाठी लिहितो आहोत, कोणती अट का घातली, हे त्याच्या मनात दिव्याखालच्या अक्षरांसारखे स्पष्ट असते, आणि म्हणूनच ते शब्दांत नोंदवण्याची निकड त्याला वाटत नाही.

या निष्काळजीपणाची किंमत कोण मोजतो, ते एका उदाहरणावरून सांगतो. एका धानखरेदी केंद्राच्या हिशेबाचा प्रोग्रॅम माझ्याकडे दुरुस्तीला आला होता. लिहिणारा माणूस दुसरीकडे नोकरीला लागून निघून गेला होता, आणि त्याच्याशी संपर्क साधण्याचा मार्ग केंद्राकडे उरला नव्हता. तक्रार अशी होती की शेतकऱ्यांना चुकारा दिलेल्या धानाची बेरीज आणि भरडाईसाठी गिरणीला द्यायच्या साठ्याची बेरीज यांत काही क्विंटलांचा फरक येत होता, आणि स्वाभाविकपणेच गोदाम सांभाळणाऱ्या माणसावर संशयाची बोटे वळली होती. प्रोग्रॅम उघडून पाहतो तो प्रत्येक महत्त्वाचे काम निनावी फंक्शनांच्या साखळ्यांत गुंफलेले. पहिले फंक्शन अपूर्ण नोंदी गाळी, दुसरे बारदान्याचे वजन वजा करी, तिसरे दराने गुणी, चौथे गावनिहाय गट पाडी. आणि हे सारे एकाच लांबलचक ओळीत, कोणत्याही कड्याला नाव नसलेले.

बारदान्याचे वजन वजा करणाऱ्या फंक्शनाला नाव नव्हते, म्हणून त्याला दुसरीकडून बोलावताही येत नव्हते. सबब लिहिणाऱ्याने ते पावतीच्या ठिकाणी एकदा, चुकाऱ्याच्या ठिकाणी दुसऱ्यांदा आणि साठ्याच्या यादीत तिसऱ्यांदा, असे तीन जागी उतरवून काढले होते. पुढे केव्हातरी पोती बदलली. तागाच्या नव्या पोत्याचे वजन वेगळे, वापरलेल्या पोत्याचे वेगळे. कोणीतरी पहिल्या दोन जागी आकडा सुधारला. तिसरी जागा त्याच्या नजरेतून सुटली, आणि ती सुटली यात त्याचा दोष होता असे मला म्हणवत नाही, कारण त्या तिन्ही जागा एकाच कामाच्या आहेत हे सांगणारी एकही खूण मजकुरात नव्हती. ‘निव्वळ वजन’ हे दोन शब्द जर मूळ लेखकाने खर्च केले असते, तर आकडा एकाच जागी राहिला असता, एकाच जागी बदलला असता, आणि एका निरपराध माणसाला कित्येक दिवस खाली मान घालून वावरावे लागले नसते.

त्या प्रोग्रॅममध्ये आणखी एक दोष होता, आणि तो शोधताना निनावीपणाचा दुसरा उपद्रव प्रत्ययास आला. पायथनमध्ये प्रोग्रॅम मध्येच कोसळला की तो आपली कैफियत छापतो: अमुक फाईल, अमुक ओळ, अमुक नावाचे फंक्शन, त्याला बोलावणारे तमुक नावाचे फंक्शन, अशी उलगडत जाणारी साखळी. कसलेला प्रोग्रॅमर ती कैफियत वाचूनच निम्मा रोग ओळखतो. पण फंक्शन निनावी असले की नावाच्या जागी कोनी कंसात केवळ ‘लॅम्डा’ एवढाच शब्द उमटतो. एकाच ओळीत चार निनावी फंक्शने असतील तर ओळीचा क्रमांकही फारसा उपयोगी पडत नाही. २०२२ मध्ये आलेल्या ३.११ या आवृत्तीपासून चूक ओळीत नेमकी कुठे झाली हेही खुणेने दाखवले जाते, आणि ही सुधारणा स्वागतार्ह आहे. पण ती जागा दाखवते, त्या जागी कोणते काम चालले होते हे सांगत नाही. पायथनची जी अधिकृत लेखनशैली आहे तिच्यात स्पष्ट शिफारस केलेली आहे की लॅम्डा लिहून तो एखाद्या नावाला चिकटवण्यापेक्षा रीतसर नामधारी फंक्शनच लिहावे, आणि त्याचे कारणही तिथे हेच दिले आहे की चूक झाल्यावर छापल्या जाणाऱ्या कैफियतीत नाव उमटावे. या भाषेचे जनक गिदो व्हान रोसम यांनी तर २००५ मध्ये पुढल्या मोठ्या आवृत्तीतून लॅम्डा काढूनच टाकण्याचा मनोदय जाहीर केला होता. लोकांच्या आग्रहाखातर तो राहिला, परंतु एकाच राशीपुरता, म्हणजे आपोआप लहान राहील अशा बंधनात. हे बंधन जाचक आहे असे पुष्कळांना वाटते. मला ते शहाणपणाचे वाटते.

जावास्क्रिप्टमध्ये असे बंधन नाही, आणि तिथला एक प्रसंग प्रत्येक नवशिक्याच्या वाट्याला येतो. पडद्यावरच्या एखाद्या बटनाला आपण सांगून ठेवतो की तुझ्यावर कोणी बोट ठेवले की हे फंक्शन चालव. पुढे ती नेमणूक रद्द करायची वेळ आली, तर ज्या फंक्शनाची नेमणूक केली होती तेच पुन्हा दाखवावे लागते. ते निनावी लिहिले असेल आणि हाती ठेवले नसेल, तर त्याला दाखवायचे कसे? तीच अक्षरे जशीच्या तशी पुन्हा लिहिली तरी संगणकाच्या लेखी ते दुसरेच फंक्शन ठरते, आणि जुने आपल्या जागी अबाधित राहते. मग बटन एकदा दाबले असता अर्ज दोनदा सादर होतो, आणि लोक आपल्या बोटालाच दोष देत बसतात. ज्याला अधिकार दिला त्याला नावाने ओळखता येत नसेल तर तो अधिकार परत घेता येत नाही, हा राज्यकारभारातला जुना नियम इथेही तंतोतंत लागू पडतो. २०१५ साली या भाषेच्या प्रमाणसंहितेत अशी तरतूद झाली की निनावी फंक्शन एखाद्या चलाला दिले की त्या चलाचेच नाव फंक्शनाला आपोआप लाभावे. जावामध्येही कंपायलर निनावी फंक्शनाला अंतर्गत नाव देतोच, फक्त ते क्रमांकाचे असते, आणि क्रमांकावरून काम कळत नाही.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो वजनदार आहे. खोटे नाव हे नाव नसण्यापेक्षा अधिक घातक, असे आक्षेप घेणारे म्हणतात. ‘डेटा तपासा’ असे नाव असलेले फंक्शन प्रत्यक्षात डेटा पुसून टाकत असेल, तर वाचक नावावर विश्वासून पुढे जातो आणि फसतो. निनावी फंक्शन निदान आपला देह उघडा ठेवून समोर उभे असते. हे खरे आहे. पण खोट्या दाखल्यांवरचा उपाय दाखले बंद करणे हा नव्हे. नाव खोटे निघाले तर ते बदलता येते, त्याबद्दल लिहिणाऱ्याला जाब विचारता येतो, वाचताना सहकाऱ्याला ‘हे फंक्शन नावाप्रमाणे वागत नाही’ असे म्हणता येते. निनावी फंक्शनाने काय करायला हवे होते हे कुठेच लिहिलेले नसल्यामुळे त्याच्याविरुद्ध तक्रार कोणत्या आधारावर नोंदवायची? नाव हा एक करार असतो, आणि करार केला तरच तो मोडल्याचा प्रश्न उद्भवतो.

नावांविषयी लिहिताना या भूमीत मारुती चितमपल्लींचे स्मरण न होणे अशक्य आहे. वनाधिकारी म्हणून ते नवेगावात राहिले, माधवराव पाटलांसारख्या इथल्या जाणत्या माणसांच्या सहवासात त्यांनी पाखरे, झाडे आणि रानातले व्यवहार ओळखून घेतले, लोकांच्या तोंडची नावे टिपली, आणि पुढे मराठीला ‘पक्षिकोश’ दिला. २०२५ च्या जूनमध्ये ते निवर्तले. अरण्यातले जे ज्ञान एका म्हाताऱ्याबरोबर नाहीसे झाले असते, ते नावानिशी लिहिले गेल्यामुळे अनोळखी वाचकाच्या हाती आले, हे त्यांचे ऋण आहे. प्रोग्रॅमला हीच दृष्टी लावायला मराठी माणसाला आज कोणतीही तांत्रिक अडचण नाही. २००८ मध्ये आलेल्या पायथन ३ पासून फंक्शनांची आणि चलांची नावे देवनागरीत लिहिता येतात, जावास्क्रिप्टमध्येही येतात. भाषेचे मोजके राखीव शब्द सोडले तर ‘निव्वळ_वजन’, ‘बारदाना_वजा’, ‘चुकारा’, ‘भरडाई_साठा’ अशी नावे संगणक बिनतक्रार स्वीकारतो. आमच्या भागातील मुले ‘चुकारा’ या शब्दाचा अर्थ शेतातून आणि घरातून शिकून येतात, आणि प्रोग्रॅम लिहायला बसली की ‘प्रोसेस’, ‘हँडल’, ‘डू वर्क’ असली पोकळ इंग्रजी नावे देतात किंवा नाव देण्याचेच टाळतात. यात त्यांच्या बुद्धीचा दोष नाही. आपल्या भाषेत नाव देण्याची मुभा आहे हेच त्यांना कोणी सांगितलेले नसते. ज्या प्रोग्रॅमवर देशोदेशीची माणसे एकत्र काम करणार, तिथे इंग्रजी नावेच सोयीची, हे मला मान्य आहे. परंतु शिकताना, आणि गावातल्या संस्थेसाठी गावातल्याच माणसांनी सांभाळायच्या प्रोग्रॅममध्ये, मराठी नाव हे अधिक अचूक नाव असते, कारण नाव देणारा त्याचा अर्थ आतून जाणतो.

आता शासनाकडे वळतो. केंद्र सरकारने २०१५ साली शासकीय प्रोग्रॅमांचे मूळ लिखाण खुले करून इतरांना त्यावर काम करू देण्याचे धोरण जाहीर केले. ते स्तुत्य आहे. पण लिखाण खुले करणे आणि ते वाचता येण्याजोगे असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. कंत्राट काही वर्षांचे असते, नंतर दुसरा कंत्राटदार येतो. जमिनीच्या नोंदी, शिष्यवृत्त्या, पीकविमा यांचे प्रोग्रॅम मात्र त्याहून दीर्घायुषी असतात. तलाठी बदलून जाताना दप्तराची यादी करून, कागद न् कागद मोजून, सही घेऊन पदभार सोपवतो. प्रोग्रॅमचा पदभार सोपवताना मात्र एक फाईल पाठवली की भागते. निविदेच्या अटींत जसा सर्व्हरच्या क्षमतेचा उल्लेख असतो, तसा हाही असावा की शासकीय नियम ज्या फंक्शनांत उतरवले आहेत त्या प्रत्येकाला त्या नियमाचे नाव असले पाहिजे, आणि कामाशी संबंध नसलेल्या एखाद्या प्रोग्रॅमरला ते वाचायला देऊन समजते की नाही हे पाहिल्यावाचून अखेरचे देयक अदा होऊ नये. कोणता शेतकरी अपात्र ठरतो हे ठरवणारी अट एखाद्या निनावी फंक्शनाच्या पोटात दडलेली असेल, तर त्या निर्णयाविरुद्ध अपील करणाऱ्याला, आणि ते अपील ऐकणाऱ्या अधिकाऱ्यालाही, ती सापडणार कशी?

हे सारे अखेरीस शिक्षणातूनच यायचे आहे, आणि प्रात्यक्षिक परीक्षा घेताना मी याची एक साधी कसोटी लावीत असतो. विद्यार्थ्याने लिहिलेल्या एखाद्या निनावी फंक्शनावर बोट ठेवून, हे काय करते ते एका लहान वाक्यात सांग, असे मी म्हणतो. त्याने तत्काळ सांगितले आणि ते सांगणे फंक्शनाच्या लिखाणाहून लांब निघाले, तर ते निनावी राहिले तरी चालेल, असे समजून मी पुढे जातो. त्याने सांगितले आणि ते सांगणे लिखाणाहून पुष्कळच थोडे निघाले, तर तेच शब्द नाव म्हणून वर लिही, असे सांगतो. आणि त्याला सांगताच आले नाही, ‘हे वजनही काढते आणि शिवाय यादीतून नावेही गाळते आणि’ असे तो चाचपडू लागला, तर त्याला मी खुर्चीवर बसवतो, कागद देतो, आणि त्या एका फंक्शनाची दोन करायला लावतो.